परदेशी क्लाउडवर किती विसंबायचं? सांगली-मिरजेतून वारंवार येणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पतसंस्था, दवाखाने, शाळा, अडत दुकानं आणि कारखान्यांची संगणकाची कामं मी करतो. नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्याची बातमी आल्यापासून (प्रश्न ४) फोनवर आणि संचालकांच्या बैठकीत तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे दुसऱ्या कंपनीचे संगणक. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. डिजिटल सार्वभौमत्व हा दिल्लीचा विषय. आमच्या छोट्या संस्थेला त्याचं काय?

सकाळी काउंटर उघडला आणि लॉगिनच झालं नाही, तर ते पुन्हा सुरू करायचा निर्णय कुणाच्या हातात आहे? तुमच्या, तुमच्या गावातल्या कुणाच्या, की तुम्ही कधीच न भेटलेल्या कंपनीच्या? सगळा विषय या प्रश्नात आहे आणि तो देशाला जितका लागू आहे तितकाच पतसंस्थेला.

देशपातळीवर महाराष्ट्राने हे जवळून पाहिलं आहे. ऐंशीच्या दशकात भारताला हवा होता तो क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तुम्हाला महासंगणक बांधायचा नाही. सभासदांच्या ठेवींची नोंद कुणाच्या परवानगीशिवाय उघडता आली पाहिजे, एवढंच हवं आहे.

२. आमचा मेल आणि फायली गूगलवर आहेत. म्हणजे आमचा डेटा अमेरिकेत आहे का?

साध्या मेल खात्याचा डेटा कुठल्या देशात ठेवायचा हे कंपनी ठरवते, आणि तो एकापेक्षा जास्त ठिकाणी असतो. महाग योजनांत थोडीफार निवड मिळते. तुम्ही सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर गोष्ट वेगळी. मायक्रोसॉफ्टचं अझूर २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहे, ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस २०१६ पासून आणि गूगल क्लाउड २०१७ पासून मुंबईत. सर्व्हर घेताना तुम्ही स्वतः भारतातलं ठिकाण निवडता. तुमच्यासाठी व्हेंडरने निवडलं असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या. आपला डेटा कुठे आहे ते बऱ्याच संस्थांना माहीतच नसतं, कारण कुणी विचारलेलं नसतं.

३. सर्व्हर मुंबईत असेल तर भारताचाच कायदा लागू होणार ना?

भारताचा लागू होतोच, पण तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये क्लाउड ॲक्ट केला. त्यानुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला किंवा नियंत्रणातला डेटा तिथल्या यंत्रणा कायदेशीर आदेशाने मागू शकतात, तो जगात कुठेही ठेवलेला असो. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद ठेवली तेव्हा हळद व्यापाऱ्याची आणि पेव दुसऱ्याचं असायचं, तरी दोघांना कोर्ट एकच होतं. इथे पेव मुंबईत आहे, पण पेवाच्या मालकाला अमेरिकेतल्या न्यायाधीशाचंही ऐकावं लागतं.

जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखांना शपथेवर विचारलं गेलं, की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेला दिला जाणार नाही अशी हमी देता का. तशी हमी देता येत नाही, असं उत्तर त्यांनी दिलं. आजवर तसं घडलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं, आणि म्हणूनच ते गांभीर्याने घ्यायला हवं. विक्रेता ‘डेटा भारतातच राहील’ म्हणतो तेव्हा तो फक्त जागेबद्दल बोलत असतो.

४. भारतात खरंच कुणाची सेवा अशी बंद झाली आहे का?

हो. नायरा एनर्जी ही भारतात नोंदलेली कंपनी गुजरातमधल्या वाडीनारला मोठी रिफायनरी चालवते. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा आहे. १८ जुलै २०२५ ला युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले होते, परवाने वैध होते, तरी मेल आणि कामाची साधनं मिळेनात. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा परत सुरू झाल्या.

यातली कायद्याची बाजू नीट पाहण्यासारखी आहे. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, ग्राहक भारताचा. भारताच्या कुठल्याही कायद्याने नायरावर बंदी नव्हती. तरी सेवा थांबली, कारण युरोपात व्यवसाय करणाऱ्या कंपनीला युरोपचा धोका भारतीय करारापेक्षा मोठा वाटला. नायराकडे दिल्लीत वकील उभे करायची ताकद होती. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याकडे ती असणार नाही.

५. आमचा रशियाशी किंवा तेलाशी काही संबंध नाही. आमची सेवा कोण कशाला बंद करेल?

निर्बंधांमुळे तुमचं खातं बंद होण्याची शक्यता कमी आहे. पण ती शून्य नाही, विशेषतः निर्यातदारांसाठी. डिसेंबर २०१८ मध्ये स्लॅकने इराणशी संबंध दिसणाऱ्या लोकांची खाती बंद केली. त्यांत फक्त इराणला जाऊन आलेले, पण दुसऱ्याच देशांत राहणारे लोकही होते. नंतर कंपनीने माफी मागितली. हळद किंवा बेदाणा घेऊन तिकडचं गिऱ्हाईक भेटायला जाणाऱ्यांनी ऑफिसचं मुख्य खातं तिथून उघडू नये.

तुमच्या बाबतीत सेवा थांबण्याची खरी कारणं फार साधी असतात. पहिलं कारण पैसे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट नियमांमुळे कार्डावरून दर महिन्याला आपोआप कटणारी रक्कम पूर्वीसारखी निमूट कटत नाही. आधी ५,००० आणि जून २०२२ पासून १५,००० रुपयांच्या वर प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. तो संदेश सोडून गेलेल्या व्यवस्थापकाच्या मोबाइलवर जातो, बिल थकतं, आणि कंपनीच्या लेखी तुम्ही पैसे न देणारे ग्राहक ठरता.

दुसरं कारण मालकी, आणि मी सगळ्यात जास्त भांडतो ते याच्यावरून. डोमेन, म्हणजे संस्थेचं इंटरनेटवरचं नाव, व्हेंडरच्या नावावर. मुख्य ॲडमिन खातं कुणाच्या तरी भाच्याच्या जीमेलवर. खातं परत मिळवायचा नंबर बंद पडलेला. ही तीन उत्तरं ज्या संस्थेत मिळतात तिने परकीय कायद्यांची चिंता नंतर करावी. आधी डोमेन संस्थेच्या नावावर घ्या आणि दोन जबाबदार माणसांना ॲडमिन करा. डॉट कॉम नावांची मूळ नोंद व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते, डॉट इनची भारतातली निक्सी. नवीन नाव घेत असाल तर डॉट इन घ्या.

६. ते आमची कागदपत्रं वाचतात का?

कुणी माणूस बसून तुमची कर्ज प्रकरणं वाचत नाही. पण वाचता येऊ शकतं का, हा वेगळा प्रश्न आहे. फायली कंपनीकडे कुलूपबंदच असतात, फक्त किल्लीही बहुतेक वेळा कंपनीकडेच असते. आदेश आला तर ती उघडून देऊ शकते. तुम्ही फायली आपल्या संगणकावर एन्क्रिप्ट करून मग वर चढवल्या तर त्यांच्याकडे फक्त अर्थहीन अक्षरं राहतात. क्रिप्टोमेटर हे मोफत साधन हेच करतं. रोजच्या पत्रव्यवहारासाठी हा खटाटोप नको. सभासदांचे आधार, पॅन, कर्जाची कागदपत्रं, रुग्णांचे अहवाल आणि सगळे बॅकअप यांच्यासाठी मात्र कराच. किल्ली सांभाळण्याबद्दल प्रश्न १७ वाचा.

७. मग सगळं झोहोवर नेऊ का? केंद्र सरकारही गेलंय म्हणे.

गेलं आहे, हे खरं. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल एनआयसी या सरकारच्या संगणक संस्थेमार्फत झोहोच्या यंत्रणेवर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्र्यांनीही आपला मेल तिकडे नेल्याचं जाहीर केलं. झोहो १९९६ पासूनची चेन्नईची कंपनी आहे आणि तिची मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटर आहेत. लहान ऑफिसच्या मेल, हिशेब आणि फायलींना ती पुरते.

माझं मत विचाराल तर मेल जरूर न्या, पण न्यायच्या आधी परत बाहेर कसं पडायचं ते तपासून न्या. परदेशी कायद्याचा धोका यात बराच कमी होतो. एका कंपनीवर विसंबून राहण्याचा धोका मात्र तसाच राहतो. आणि भारतीय कायद्यातही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार डेटा उघडून मागू शकतं. फरक इतकाच, की त्याविरुद्ध दाद मागायला तुम्हाला मुंबई उच्च न्यायालय आहे, कॅलिफोर्नियाला जावं लागत नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

८. स्वदेशी म्हणजे सुरक्षित, असं धरून चालायला हरकत नाही ना?

हरकत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. सर्व्हर त्यांचेच होते, आणि दोन आठवडे कागद-पेनावर कारभार चालला. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीजवर हल्ला झाला. लहान बँकांना संगणक सेवा पुरवणारी ही टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त कंपनी. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला खबरदारी म्हणून वेगळं काढलं, आणि सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. त्या बँकांच्या खातेदारांना सी-एज हे नावही माहीत नव्हतं.

दक्षिण कोरियाचं उदाहरण तर मी प्रत्येक संचालक मंडळाला सांगतो. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनमधल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या सरकारी फाइल साठ्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला. तो स्वतःच्या देशात होता, स्वतःच्या सरकारचा होता, पण दुसरी प्रत कुठेच नव्हती.

९. आमचं सॉफ्टवेअर जवळच्याच एका गृहस्थांचं आहे, फोन केला की येतात. मग चिंता नाही ना?

फोन केल्यावर येणारा माणूस ही फार मोठी गोष्ट आहे, तिला मी कमी लेखणार नाही. पण त्यांना चार गोष्टी शांतपणे विचारा. आमचा डेटाबेस कुठे आहे? त्याचा पासवर्ड आमच्या तिजोरीत बंद पाकिटात ठेवाल का? उद्या तुम्हाला काही झालं तर सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, कुणाकडे मिळेल? सभासदनिहाय सगळ्या नोंदी आम्हाला सीएसव्हीत (एक्सेलसारख्या कुठल्याही साधनात उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) दरमहा द्याल का?

पहिल्याच प्रश्नावर बऱ्याचदा कळतं, की देशी सॉफ्टवेअर अमेरिकी क्लाउडवरच चालतं. म्हणजे प्रश्न ३ मधलं सगळं तुम्हालाही लागू. तो गृहस्थ चांगला असेल तर या प्रश्नांचा त्याला राग येत नाही.

१०. त्यापेक्षा सर्व्हर ऑफिसातच ठेवला तर?

सांगलीत हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे, आणि त्याचं कारण कृष्णा. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांची धूळधाण झाली. २०१९ आणि २०२१ मध्ये गावभाग, गणपती पेठ, मारुती चौक परिसरात पाणी शिरलं तेव्हा दप्तरं आणि संगणक दोन्ही भिजले. तळमजल्यावरचा सर्व्हर म्हणजे सगळ्यात स्वदेशी आणि सगळ्यात असुरक्षित जागा. इथे क्लाउडचा खरा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा. वीज नसतानाही डेटा दुसरीकडे जिवंत राहतो.

बरेच जण सांगतात, ‘आमची प्रत कोल्हापूर शाखेत असते.’ ती प्रत मी मोजत नाही. ज्या आठवड्यात कृष्णेला पूर येतो त्याच आठवड्यात पंचगंगेलाही येतो. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद होता, त्यामुळे प्रत सुरक्षित असली तरी आणता आली नसती. इचलकरंजीचंही तेच. दुसरी प्रत विटा, आटपाडी, जतकडे ठेवा. तिथे दुष्काळाची भीती आहे, पुराची नाही. किंवा पुण्यात ठेवा.

ऑफिसातच सर्व्हर हवा असेल तर तो वरच्या मजल्यावर, यूपीएससह, आणि रोज एक प्रत बाहेर. ते चालवायला माणूस नसेल तर हा मार्ग घेऊ नका.

११. आमचा बॅकअप रोज होतो. अजून काय करायचं?

तो परत भरून पाहायचा. बॅकअप घेणं सगळे करतात, परत भरून फार थोडे पाहतात. तिमाहीत एकदा कामकाज संपल्यावर एक जुना संगणक घ्या, त्यावर मागच्या आठवड्याची प्रत भरा, एका सभासदाचा खातेउतारा काढा आणि चालू यंत्रणेतल्या उताऱ्याशी ताडून पाहा. किती वेळ लागला ते वहीत लिहा. तो आकडा म्हणजे तुमचं खरं स्वातंत्र्य किती, हे सांगणारा आकडा आहे. कुणाचा लागेल तीन तास, कुणाचा तीन दिवस, आणि काहींची प्रत उघडणारच नाही.

बॅकअप त्याच कंपनीकडे ठेवू नका. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्ती निधीची गूगल क्लाउडवरची यंत्रणा कंपनीच्याच चुकीने पुसली गेली, दोन ठिकाणी विभागलेली असूनही. सहा लाखांहून जास्त सभासदांचा तो निधी. परत उभं राहताना वेगळ्या कंपनीकडे ठेवलेली प्रतही कामाला आली.

१२. कॉलेजला सगळं फुकट मिळतंय. मग बदलायचं कशाला?

फुकटच्या अटी एकतर्फी बदलतात म्हणून. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा काढून घेत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि पुढे संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. वर्गांची रेकॉर्डिंग साठवलेल्या संस्थांची धावपळ झाली. वापरा, पण विद्यार्थ्यांचे निकाल, दाखले आणि प्रबंध यांची मूळ जागा ती नसावी.

१३. लिब्रेऑफिस, नेक्स्टक्लाउड असली मोफत साधनं आपल्याकडे चालतील का?

चालतात. लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलच्या जागी चालतं, नेक्स्टक्लाउड स्वतःच्या सर्व्हरवर फायली ठेवायला, आणि लिनक्स विंडोजच्या जागी. केरळच्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्स चालतं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचं ठरवलं आणि पुढे मेलही बदलला. पण त्याच देशातल्या म्युनिक शहराने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेऊन २०१७ मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. तंत्र दोन्हीकडे उपलब्ध होतं. टिकण्याचा प्रश्न राजकीय पाठबळाचा आणि शिकवणाऱ्या माणसांचा असतो. आपल्याकडेही लिपिकाला दोन महिने हात धरून शिकवणारं कुणी असेल तरच सुरुवात करा.

आपल्याकडची खरी अडचण मात्र परदेशी नाहीच. जुनी इतिवृत्तं, नोटिसा, अहवाल हे युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीच्या) आधीच्या टंकांत टाइप केलेले आहेत. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. तो टंक नसलेल्या संगणकावर त्या फाइलमध्ये नुसती चिन्हं दिसतात आणि शोध तर घेताच येत नाही. आपलीच मराठी आपल्याला उघडता येत नाही, यासारखी परावलंबनाची दुसरी गोष्ट मला माहीत नाही. सॉफ्टवेअर बदला अथवा नका बदलू, आजपासून प्रत्येक कागद युनिकोडमध्ये टाइप करा आणि जुन्यातले महत्त्वाचे ठराव रूपांतरित करून घ्या. रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासावे लागतात, तेवढा वेळ राखून ठेवा.

१४. कायद्याने आम्हाला नक्की काय बंधनकारक आहे?

तुम्ही कोण, यावर अवलंबून आहे.

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असाल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार हिशेबाच्या पुस्तकांची प्रत रोजच्या रोज भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. परदेशी हिशेब सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हे सीएशी बोलून घ्यावं. जीएसटी नोंदणी असलेल्या प्रत्येकाला हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. सॉफ्टवेअरचं सदस्यत्व त्याआधी संपलं तर नोंदी कशा उघडणार, ते आजच ठरवा.

नागरी सहकारी बँक असाल तर पेमेंटचा डेटा भारतातच, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. डॉट बँक डॉट इन हे नाव घ्यायची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. मोठ्या नागरी बँकांना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादाराकडून बाहेर पडण्याची योजनाही तयार ठेवावी लागते. पतसंस्थेला हे बँकांचे नियम थेट लागू नाहीत. तरी ती बाहेर पडण्याची योजना पतसंस्थेनेही लिहावी, असं माझं ठाम सांगणं आहे. ठेवी तर तिच्याकडेही लोकांच्याच असतात.

सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे संगणकावरच्या घडामोडींच्या नोंदी, जपायचे, हे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्यानुसार डेटा परदेशात ठेवायला सरसकट बंदी नाही. केंद्राने मनाई केलेल्या देशांत मात्र ठेवता येणार नाही. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

१५. साखर कारखान्याचा वजनकाटा आणि ऊस नोंद क्लाउडवर न्यायची का?

ऊस नोंद, क्षेत्र पाहणी, तोडणी कार्यक्रम, शेतकऱ्यांना जाणारे संदेश हे न्यायला हरकत नाही. काटा नाही. गळीत हंगामात काट्यासमोर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग असते, आणि इंटरनेट गेलं म्हणून ऊस वाळत ठेवता येत नाही. काट्याची नोंद जागच्या जागी व्हावी, पावती तिथेच छापली जावी, आणि नेट असेल तेव्हा ती वर जावी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. हाताने पावती लिहायची पुस्तकं काट्यावर ठेवा आणि हंगामाच्या सुरुवातीला एक तास त्यांवर काम करून पाहा. हाच निकष पतसंस्थेच्या काउंटरला, पिग्मी यंत्राला आणि दवाखान्याच्या केसपेपर खिडकीला लावा. जिथे माणसं रांगेत उभी असतात, ते काम नेटशिवाय चाललंच पाहिजे.

१६. मिरजेत आमचा दवाखाना आहे. एक्स-रे, सीटीच्या प्रतिमा परदेशी क्लाउडवर जातात. ते योग्य आहे का?

बेकायदेशीर नाही, पण तीन गोष्टी पाहा. प्रतिमा डायकॉम या खुल्या स्वरूपात जशाच्या तशा परत मिळतात का? नुसत्या जेपीईजी मिळत असतील तर पुढच्या डॉक्टरला त्यांचा पुरेसा उपयोग नाही. अहवाल देणारा रेडिओलॉजिस्ट दुसऱ्या शहरात असेल तर त्याला पाठवताना रुग्णाचं नाव झाकता येतं का? आणि करार संपल्यावर सगळा साठा न्यायला किती दिवस आणि किती पैसे? प्रतिमांचा साठा टेराबाइटमध्ये वाढतो, आणि बाहेर काढायचं शुल्क हा इथला खरा कुलूपबंद दरवाजा असतो. ॲमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्टने कायमचं सोडून जाणाऱ्यांसाठी हे शुल्क २०२४ मध्ये माफ केलं. तुमचा मधला पुरवठादार ती माफी तुमच्यापर्यंत पोहोचवतो का, ते विचारा.

१७. डेटा आम्ही कुलूपबंद केला आणि किल्ली आमच्याकडेच आहे. पण किल्ली सांभाळणारा माणूसच गेला तर?

तर डेटा गेला. कंपनीला विनवून उपयोग नाही, कारण तिच्याकडे किल्ली नाहीच. म्हणून प्रश्न ६ मधला सल्ला अर्धवट पाळू नका. परवलीचं वाक्य कागदावर लिहून, सीलबंद पाकिटात, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक संस्थेच्या तिजोरीत, दुसरं बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकर पूररेषेच्या बाहेरच्या शाखेत असावा. पाकीट कोण उघडू शकतं याचा ठराव संचालक मंडळाच्या इतिवृत्तात घ्या. कर्मचारी सोडून गेला की वाक्य बदला.

१८. व्हॉट्सॲपवर भाव, मंजुरी, कर्जाची कागदपत्रं सगळं चालतं. त्याचं काय?

बोलणं चालू द्या, नोंद तिथे ठेवू नका. संदेश वाटेत सुरक्षित असतात, पण कोण कुणाशी कधी बोललं ही माहिती मेटाकडे असते, आणि गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप तुम्ही स्वतः सेटिंग बदलल्याशिवाय तितका सुरक्षित नसतो. मंजुरी व्हॉट्सॲपवर आली तरी ती त्याच दिवशी नोंदवहीत चढवा. आधार-पॅनचे फोटो ग्रुपवर मागणं आजच बंद करा.

१९. चॅटजीपीटीत थकबाकीदारांची यादी टाकून पत्रं तयार केली तर चालेल?

नाही. पत्राचा नमुना करून घ्या, नावं आणि रकमा आपल्या संगणकावर भरा. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना चॅटजीपीटी, डीपसीक अशी साधनं कार्यालयीन संगणकांवर न वापरण्याची सूचना दिली होती. गोपनीय माहिती बाहेर जाऊ नये, हे त्यांचं कारण तुम्हालाही लागू आहे.

२०. दोन वेगवेगळ्या परदेशी कंपन्यांकडे ठेवलं तर धोका निम्मा होतो ना?

तांत्रिक बिघाडाचा होतो. कायद्याचा होत नाही, कारण दोन्ही अमेरिकी असतील तर एकच आदेश दोघींना लागू होतो. माझी शिफारस अशी: रोजचं काम हवं तिथे करा, परदेशीही चालेल. एक प्रत भारतीय मालकीच्या पुरवठादाराकडे, भारतातल्या सर्व्हरवर. एक प्रत तुमच्या हातात, हार्ड डिस्कवर, एन्क्रिप्ट केलेली आणि एरवी संगणकाला न जोडलेली, म्हणजे रॅन्समवेअर तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

२१. पन्नास पानांचा इंग्रजी करार आम्ही बदलू शकत नाही. मग वाचून काय उपयोग?

बदलता येत नाही म्हणूनच वाचायचा, म्हणजे घ्यायचं की नाही ते ठरवता येतं. सगळा वाचू नका. सेवा थांबवण्याचं कलम शोधा आणि किती दिवसांची नोटीस आहे ते पाहा. वाद कुठल्या न्यायालयात चालेल ते पाहा. करार संपल्यावर डेटा किती दिवस राहतो ते पाहा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये साधारण ९० दिवस मिळतात, काही ठिकाणी याहून बरेच कमी. स्थानिक व्हेंडरचा करार मात्र बदलता येतो, तिथे प्रश्न ९ मधल्या चारही गोष्टी लिहून घ्या.

२२. समजा उद्या सकाळी सेवा बंद झालीच. पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी बिल आणि डोमेनची मुदत तपासा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. स्क्रीनवर आलेल्या संदेशाचा फोटो वेळेसह काढून ठेवा. ॲडमिन खात्यातून लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपा. ग्राहकांना एसएमएसने कळवा, कारण मेल बंद असेल. हल्ल्याची शंका असेल तर संगणक नेटवरून सोडवा, बंद करू नका, आणि सर्ट-इनची ६ तासांची मुदत लक्षात ठेवा. दरम्यान शेवटची प्रत दुसऱ्या संगणकावर भरायला घ्या. डोमेन तुमच्या नावावर असेल तर मेल त्याच पत्त्यांसह दुसऱ्या कंपनीकडे वळवता येतो. डीएनएस (डोमेनची पत्तावही) मधल्या एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोहोचवायचा हे सांगणाऱ्या नोंदी, बदलल्यावर काही तासांत नवे मेल यायला लागतात. जुने मेल तुमच्या प्रतीतून सवडीने भरा. प्रतच नसेल तर वकिलाकडे जायची वेळ आली आहे, आणि जाताना कराराची छापील प्रत बरोबर न्या.